पुढची डावी सीट

अक्का, काल तुझ्या गाडीत मी मागे बसले.

तू असतीस तर विचारलं असतंस, "मागं का गं? पुढच्या सीटला काय झालं?" सीटला काही झालेलं नाही. तिच्यावरचा चटणीच्या तेलाचा डागसुद्धा तसाच आहे. बदललंय ते स्टिअरिंगवरचं माणूस. काल गाडी भाऊजी चालवत होते, तुझा नवरा, माझे थोरले दीर. आणि थोरल्या दिराच्या शेजारी धाकट्या भावाच्या बायकोनं बसायचं नसतं, हे या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

मला मात्र एकदा सांगितलं होतं. लग्न होऊन धारवाडात, मालमड्डीच्या या घरात आले, त्याच आठवड्यात अव्वांनी, आपल्या सासूबाईंनी, मला स्वयंपाकघरात बोलावून नियम समजावून दिले. थोरल्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही. त्याच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर थोरल्या जावेकडून सांगायचं. तू तिथंच कणीक मळत उभी होतीस आणि अव्वांची पाठ वळताच मला डोळा मारलास. तेव्हापासून भाऊजींचं आणि माझं सगळं बोलणं तुझ्यामार्फत झालं. मी म्हणायचे, "अक्का, भाऊजींना विचार, भात वाढू का." भाऊजी हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "तिला सांग, अर्धाच वाढ." आणि तू दोघांकडं बघून म्हणायचीस, "ऐकलं ना दोघांनी? मग वाढ की. मी काय टपालखात्यात आहे?"

अव्वा गेल्यावर हे सगळं सुटेल असं वाटलं होतं. सुटलं नाही. सवय माणसापेक्षा जास्त टिकते. आणि खरं सांगू, तू मध्ये होतीस तोवर त्याचा त्रासही कधी झाला नाही.

तू गेलीस आणि मग कळलं की आम्हा दोघांत बोलायला भाषाच नाही. मी चहा जिन्याच्या कठड्यावर ठेवते आणि भिंतीकडं बघून म्हणते, "चहा ठेवलाय." ते दाराला सांगतात, "आज कोर्टाला सुट्टी." ह्यांची बेलूरच्या कारखान्यात पाळी असते. कारखान्याची बस ह्यांना घेऊन गेली की घरात वर भाऊजी आणि खाली मी. कुकरची शिट्टी झाली की तेवढाच आवाज. एकदा त्यांनी तापात दिवस काढला आणि मला संध्याकाळी कळलं, तेही कठड्यावर कप भरलेलाच राहिला म्हणून. तू असतीस तर दोघांनाही फैलावर घेतलं असतंस.

लोक आले, खूप आले. तुझ्या शाळेचे, कोर्टातले, गल्लीतले. भाऊजींजवळ बसले, अनघाला पोटाशी धरलं. तुझी मुलगी रडून रडून थकली, मग बेंगळूरला परत गेली, कारण तिची नोकरी तिथं. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. बायको गेली म्हणून लोक हात धरतात, आई गेली म्हणून धरतात. जाऊ गेली म्हणून कुणी काय करावं हे कुणालाच ठाऊक नाही. बायका मला विचारायच्या, "भाऊजी जेवतात का नीट? अनघाचं कसं?" मी सांगायचे. माझ्या शाळेतून फोन आला, "जाऊ ना तुमच्या? बरं, मग सोमवारी येताय ना?" मी गेले, सोमवारी.

बसनं गेले. सात-आठ वर्षांनी पुन्हा बसनं. उभं राहायला जागा मिळाली, वरची दांडी धरली, आणि बस कलघटगीच्या रस्त्याला लागली तसं माझ्या लक्षात आलं की मी दर वळणाला पुढे बघून मनात म्हणते आहे, डावीकडं मोकळं आहे.

ते माझं काम होतं. तू उजवीकडचं बघायचीस, मी डावीकडचं.

तुला गाडी घ्यायची होती तेव्हा घरात केवढा वाद झाला होता. माझी शाळा निदान कलघटगी गावात. तुझी त्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, ओढ्यापलीकडं. कलघटगीपर्यंत आपण दोघी बसनं जायचो, तिथून तू टेम्पोनं नाहीतर पायी. पावसाळ्यात तुझ्या साडीचा काठ लाल मातीनं भरलेला असायचा, तो तू घरी येऊन नळाखाली धरायचीस. एका रात्री जेवताना तू जाहीर केलंस, "मी गाडी घेणार. चारही चाकं ओढणारी."

भाऊजी म्हणाले, "दोन चाकं ओढली तर चालत नाही का? आपण गावात राहतो."

हे म्हणाले, "वहिनी, असली गाडी जंगलात जाणाऱ्यांची. मास्तरीणबाईंची नव्हे."

तू शांतपणे ताकभात कालवत म्हणालीस, "एकदा दोघं माझ्या शाळेला येऊन बघा. मग बोला." कुणी आलं नाही. तू गाडी घेतलीस.

शोरूममधला माणूस सगळं भाऊजींकडं बघून समजावत होता आणि तू मध्ये मध्ये प्रश्न विचारत होतीस. आली तेव्हा आपल्या गल्लीत ती मावेना. राखाडी, उंच, रुंद. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी आरसा मिटल्याशिवाय आत यायची नाही. तू तर अशी ठेंगणी, की सीट पार वर करून त्यावर उशी ठेवलीस तेव्हा कुठं तुला बॉनेट दिसलं. निऱ्या खोचायच्या, पदर पिन करायचा, चपला सीटखाली सारायच्या, कॅनव्हासचे बूट चढवायचे. मग किल्ली जिन्याच्या लोखंडी कठड्यावर टक टक वाजवायची. शैला, चल. असं तोंडानं तू कधी बोलावलं नाहीस.

अव्वांना त्या गाडीत चढता यायचं नाही. डिकीत एक लाकडी स्टूल ठेवावं लागायचं, त्याच्यावर पाय देऊन, एका बाजूनं तू, एका बाजूनं मी. "हे वाहन आहे की माळा?" असं पहिल्या दिवशी म्हणाल्या. पण एकदा वर बसल्यावर त्यांना कळलं की इथून मालमड्डीतल्या सगळ्यांच्या भिंतीवरून आत दिसतं. कुणाच्या परसात काय वाळत घातलंय, कुणाच्या दारात पाहुण्यांच्या चपला आहेत. मग काय, देवळात जायला चार पावलं असली तरी गाडी काढायला लावायच्या आणि तुला म्हणायच्या, "निधान हो, निधान." तुला वाटायचं त्या घाबरतात म्हणून सावकाश जा म्हणतात. त्या बघत असायच्या.

ती गाडी या घराची बैलजोडी झाली होती. गॅसची टाकी तिच्यातून, हुबळीच्या बाजारातून गव्हाची पोती तिच्यातून, मागच्या सीटा पाडून गणपती तिच्यातून, आणि अनघाच्या लग्नात रुखवतसुद्धा तिच्यातूनच. डिझेल पिते म्हणून भाऊजी कुरकुरायचे. सर्व्हिसिंगला नेली की तू तिथंच खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासत बसायचीस आणि पोरांनी चाकं नीट धुतली का ते वाकून बघायचीस. तुझ्या शाळेच्या गावात आधी तुला नुसतं अक्कोरु म्हणायचे, बाई म्हणतात तसं. नंतर गाडी-अक्कोरु म्हणायला लागले. ते तुला फार आवडलं होतं. दाखवायची नाहीस.

आणि ते चार चाकांचं बटण. गिअरच्या मागं ते गोल बटण, ज्याच्यावरून घरात इतकं झालं. भाऊजींनी कितीदा विचारलं असेल, "लागलं का तुझं ते फोर-व्हील?" तू म्हणायचीस, "लागलं की." ते हसायचे. त्यांना वाटायचं तू हट्टाला पेटून म्हणतेस. दर पावसाळ्यात त्या ओढ्यानंतरच्या चढावर ते लागायचं. माझ्या शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर तुझ्या शाळेपर्यंत यायचे, म्हणून मला ठाऊक. चढ आला की तू दोन्ही हातांनी चाक धरायचीस आणि म्हणायचीस, "शैला, फिरव." मी फिरवायचे. गाडी एकदा अंग झाडल्यासारखी करायची आणि लाल चिखलातून सरळ वर. मग तू म्हणायचीस, "बघितलंस? ह्याला पैसे मोजलेत मी." दर चढाला म्हणायचीस. मला दर वेळी नव्यानं हसू यायचं.

अक्का, लोकांना वाटतं जावा जावा घरात, चुलीपाशी जवळ येतात. आपण घरात कुठं बोललो? घरात तू वरच्या मजल्यावर, मी खाली. आपलं सगळं बोलणं त्या गाडीत झालं, जाताना आणि येताना. माझा गर्भ पडला होता ते मी तुला गाडीत सांगितलं, आईला सांगायच्या आधी. तू गाडी बाजूला घेतलीस, इंजिन बंद केलंस, आणि माझ्याकडं न बघता काचेतून समोर बघत बसलीस. मी रडून घेतल्यावर परत चालू केलीस. तू सल्ला दिला नाहीस, त्याबद्दल मी तुझी आजही ऋणी आहे.

भांडलोही तिथंच. शेवटचं भांडण अजून मिटलेलं नाही. बदल्यांचं काऊन्सेलिंग आलं होतं, मला धारवाडमध्ये, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळा मिळत होती, आणि मी कलघटगीच ठेवलं. तू संतापलीस. "वेडी आहेस तू. गुडघे गेलेत तुझे आणि गावातली शाळा सोडतीस? कारण तरी सांग." मी म्हणाले, तिथली मुलं चांगली आहेत. तू म्हणालीस, "मुलं सगळीकडं चांगली असतात." मी म्हणाले, हेडमास्तर चांगले आहेत. तू नुसता हॉर्न वाजवलास, समोर कुणी नसताना. त्यानंतरही तू दर आठवड्याला तो विषय काढायचीस, आणि मी दर आठवड्याला नवं कारण द्यायचे.

खरं कारण मी सांगितलं नाही. धारवाडची शाळा घेतली असती तर सकाळी कठड्यावर किल्ली वाजली नसती. तुला निवृत्त व्हायला थोडाच काळ राहिला होता, तेवढा मला तुझ्या शेजारी काढायचा होता. हे असं तोंडावर सांगायला लाज वाटली. आता तू नाहीस आणि मी कलघटगीला बसनं जाते. रोज दांडी धरून उभी राहते तेव्हा गुडघे दुखतात आणि तू म्हणतेस तशी मी वेडीच आहे हे पटतं. पण पुन्हा विचारलं तरी कलघटगीच म्हणेन.

एक गोष्ट मात्र मी तुला विचारली होती आणि तू खरं उत्तर दिलं नव्हतंस. रविवारी सगळे मिळून हुबळीला जायचो, लग्नकार्याला जायचो, तेव्हा भाऊजी मागे बसायचे. माझ्या मागच्या सीटवर, कोट हुकाला अडकवून, पेपर उघडून. पुढे तू आणि मी. पेट्रोलपंपावरचा पोरगा तुला ओलांडून मागच्या खिडकीशी जायचा आणि विचारायचा, "एष्टु हाकली, सर?" किती घालू म्हणून. भाऊजी पेपरानंच पुढे तुझ्याकडं बोट करायचे. आपण हसायचो. एकदा भाऊजी बरोबर नसताना मी विचारलं, "अक्का, भाऊजी पुढं का बसत नाहीत गं? मी बसते की मागं." तू गिअर बदललास. म्हणालीस, "त्याला मागं मान टेकायला बरं पडतं." आणि मग बराच वेळ, पार देवीकोप्पाचं जंगल संपेपर्यंत, तू काही बोलली नाहीस. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आता गाडी विकायची बोलणी चालू आहेत. अनघाचं म्हणणं बरोबर आहे, ती उभी राहून खराब होईल, भाऊजींचं वय झालं, हे चालवत नाहीत, मला येत नाही. गेल्या आठवड्यात हुबळीच्या कमरीपेठेतला एक दुकानदार बघायला आला होता. गाडीभोवती फिरला, खाली वाकला, टायरवर बुटानं मारून बघितलं. आणि भाऊजींना विचारलं, फोर-व्हील कधी वापरलंय का, चालतं का. भाऊजींनी चाकांकडं बघितलं. मग म्हणाले, "गोत्तिल्ल." माहीत नाही.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. मला माहीत होतं. कुठल्या चढावर, कुठल्या गिअरमध्ये, आवाज कसा येतो, सगळं माहीत होतं. गज धरून उभी राहिले आणि बोलले नाही. गाडी माझी नाही. तिच्याबद्दल बोलायचा माझा काय हक्क? तू माझी कोण, याला नात्यात शब्द आहे, पण त्या शब्दाच्या वाट्याला कुणी दुःख देत नाही. माझ्याकडं तुझं म्हणून जे होतं ते त्या एका सीटवर होतं, आणि ती सीट आता हुबळीला जाणार होती. त्या रात्री ह्यांना म्हटलं, गाडी नका विकू देऊ. हे म्हणाले, "तुला चालवायची आहे का?" नाही म्हटलं. "मग?" मी दिवा मालवला.

परवा तुझ्या शाळेतून फोन आला. तुझ्यासाठी सभा ठेवली आहे, घरच्यांनी यावं. अनघाला जमणार नव्हतं, ह्यांना पाळी बदलून मिळाली नाही. भाऊजी ह्यांना म्हणाले, "तिला विचार, येते का." मी तिथंच होते. मी ह्यांना म्हटलं, "येते म्हणून सांगा."

सकाळी बाहेर आले तर भाऊजी आधीच स्टिअरिंगवर बसले होते, पांढरा शर्ट घालून. त्यांनी तुझी उशी काढून मागे ठेवली होती, सीट खाली केली होती. सवयीनं माझा हात पुढच्या डाव्या दाराच्या मुठीवर गेला. भाऊजी सरळ समोर बघत राहिले. मी हात काढून घेतला, मागचं दार उघडलं आणि त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. तुझी उशी मांडीवर घेतली.

अक्का, मागून ती गाडी वेगळीच आहे. रस्ता दिसत नाही. पुढच्या सीटची पाठ दिसते, आणि चालवणाऱ्याचा कान.

भाऊजी फार सावकाश चालवत होते. कोर्टाला न्यायची त्यांची जुनी लहान गाडी होती तोवर ती चालवायचे, या गाडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. गतिरोधकावर इंजिन बंद पडलं, मागचा टेम्पो ओरडून गेला. त्यांनी आरसा हलवला, त्यात मी दिसले असणार, तर परत हलवला. कलघटगी गेलं तरी कुणी शब्द बोललं नाही. पाऊस सलग लागलेला, भाताच्या खाचरांत पाणी साचलेलं. आत वळलो, ओढा ओलांडला आणि चढावर चाकं फिरायला लागली. जागच्या जागी. लाल चिखल माझ्या काचेवर उडाला. भाऊजींनी अजून जोर दिला, गाडी आडवी सरकली. मानेवर त्यांना घाम आला होता.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. तरी तोंडातून निघालं. "भाऊजी, जोर देऊ नका. गिअरच्या मागं गोल बटण आहे. थांबवून ते उजवीकडं फिरवा. मग क्लच हळू सोडा."

एवढ्या वर्षांत त्यांना उद्देशून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. त्यांनी थांबवली, फिरवलं, हळू सोडलं. गाडीनं अंग झाडलं आणि वर निघाली. भाऊजी काचेला म्हणाले, "रोज हेच?"

"पावसाळ्यात रोज," मी म्हणाले.

"तिनं सांगितलं होतं," ते म्हणाले. मग गिअर बदलत, "मला वाटलं, उगीच म्हणते."

तुझी शाळा बघायला ते पहिल्यांदाच आले होते, अक्का. पायरीवर उभे राहून त्यांनी खालचा रस्ता, ओढा, चढ, सगळं एकदा वळून बघितलं. तुझ्या फोटोला झेंडूचा हार होता. त्यांना पुढे खुर्ची दिली. मी मागे बायकांत उभी होते. नव्या मास्तरांनी मला विचारलं, तुम्ही कोण, आणि मी उत्तर शोधत होते तोवर जेवण करणारी बाई बोलली, "गाड्याग बाजूक कुंदर्तिद्रल्ल, अव्र." गाडीत शेजारी बसायच्या ना, त्या ह्या. तेवढ्यावर मास्तरांना पटलं. त्यांनी भाऊजींशेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली. मी बसले. थोरल्यांसमोर खुर्चीवर. कुणाला त्यात काही वाटलं नाही. भाऊजींनीही वळून बघितलं नाही. मुलींनी तुझ्याबद्दल सांगितलं, तू कशी शिव्या न देता रागवायचीस, सहावीतल्या कुणाला गाडीतून दवाखान्यात कसं नेलंस. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. यातलं बरंच त्यांना ठाऊक नव्हतं हे मला शेजारून कळत होतं.

निघताना पाऊस थांबला होता. मी गाडीशी गेले आणि मागचं दार उघडलं. भाऊजी किल्ली हातात धरून बाहेरच उभे होते.

"पुढं बस," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "नको भाऊजी. मागं बरी आहे मी."

"मला बरं नाही," ते म्हणाले. गाडीच्या टपाकडं बघत बोलत होते. "सकाळपास्नं चालवालोय आणि मागं आपलंच माणूस बसलंय, गप्प. पुढं एकट्यानं बसून कसं वाटतं ते आज कळलं." किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "ती इतकी वर्षं असंच चालवत होती की गं."

मला वाटलं सांगावं, नाही भाऊजी, मी होते की तिच्या शेजारी. पण ते खरं असलं तरी त्यांच्या बोलण्याला ते उत्तर नव्हतं, हे तुला आणि मला ठाऊक आहे. त्या जंगलाच्या रस्त्यावर तू जी गप्प बसली होतीस, ती माझ्या शेजारीच बसली होतीस. मी मागचं दार लावलं, पुढचं उघडलं आणि बसले. अव्वांनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

चढ उतरलो, ओढा ओलांडला, मुख्य रस्ता आला. "डावीकडं मोकळं आहे," मी म्हणाले. त्यांनी मान हलवून गाडी वळवली. कलघटगीचा बाजार मागे पडला. मग भाऊजी म्हणाले, "घरी यायची तेव्हा दमलेली असायची. जेवली की झोपायची. मी पेपर वाचायचो." पुढं चाललेल्या बैलगाडीच्या मागं त्यांनी गाडी हळू केली. "गाडीत काय बोलायची गं ती?"

अक्का, तू गेल्यापासून इतकी माणसं आली. भाऊजी जेवतात का ते विचारलं, अनघा कशी आहे ते विचारलं, गाडीचं किती येईल तेही विचारलं. तुझ्याबद्दल मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी काच खाली केली, परत वर केली. भाऊजींनी घाई केली नाही. बैलगाडीला ओलांडून जाता येत असतानाही ते मागेच राहिले.

मग मी सांगायला लागले. गाडी घेतल्यावर पहिल्या दिवशी तू गल्लीतून बाहेर येईपर्यंत श्वास रोखून धरला होतास, तिथून. पहिल्यांदा ट्रकला ओलांडलंस तेव्हा आपण दोघी किंचाळलो होतो, ते. काही गोष्टी मी वगळल्या, त्या तुझ्या माझ्या आहेत. बाकी सगळं सांगत गेले, आणि भाऊजी मध्ये मध्ये "मग?" म्हणत गेले. मला थेट. धारवाड आलं, मालमड्डी आली, मी खाली उतरून आरसा मिटला, परत बसले, गाडी आत आली. तोवर मी कशीबशी पहिल्या पावसाळ्यापर्यंत पोचले होते. भाऊजींनी इंजिन बंद केलं, आणि उतरले नाहीत.